नववीच्या मुलांना फोटो काढायला शिकवतेय, पण अडकलेय

चित्रकलेच्या_बाई:
मी नाशिकला मखमलाबाद रोडच्या बाजूला एका शाळेत चित्रकला शिकवते. यंदा नववीच्या ३४ मुलांना मोबाइलवर फोटो काढायला शिकवतेय. मोबाइल पाच, त्यात एक माझा. नुसते छान फोटो यावेत म्हणून नाही. आपण कोण, आपल्या आजूबाजूला काय चाललंय, हे त्यांनी स्वतः मांडावं म्हणून.

पहिल्यांदा रामकुंडावर नेलं. निम्म्याहून जास्त फोटो एकाच भीक मागणाऱ्या आजींचे! सुरकुत्या अगदी जवळून, ब्लॅक अँड व्हाइट. "आजींना विचारलं होतंत का?" तर सगळे खाली बघायला लागले. एक जण म्हणाला, "बाई, यूट्यूबवर असेच असतात." चूक माझीच, "समाजाचे प्रश्न टिपा" असं सांगून मीच पाठवलं होतं.

मग म्हटलं, घरातलं काढा. एका मुलीने फोटो दिलाच नाही. आईवडील पेठकडचे, द्राक्षबागेत छाटणीला येतात, बागेतल्याच शेडमध्ये राहतात. म्हणाली, "दाखवण्यासारखं काही नाहीये, बाई." तिला आग्रह करू की सोडून देऊ? जानेवारीत प्रदर्शन आहे आणि हेडसर म्हणतात, "चांगले चांगले लावा."

पालक_सिडको:
दहावी तोंडावर आलीय. गणिताचे जादा तास घ्या, मुलं दुवा देतील.

जुना_डार्करूमवाला:
वरच्या कमेंटकडे लक्ष देऊ नका, बाई. तीस वर्षं लग्नाचे फोटो काढलेत, त्यावरून सांगतो. रोलमध्ये ३६ फोटो असायचे, म्हणून बटण दाबायच्या आधी माणसाशी बोलणं व्हायचं. पोरांना दिवसाला पाचच फोटो द्या. आणि त्या आजींना प्रिंट नेऊन द्या, दहा-वीस रुपयांत होते. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी गोध्र्याला आणि मग बडोद्याला फोटो स्टुडिओ चालवायचे. बडोद्यात कॅमेरा अंगातला जीव ओढून घेतो म्हणून लोक तिकडे फिरकत नसत, असं सांगतात. आपण हसतो, पण न विचारता काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की दुसरं काय होतं?

गोदाकाठी:
मुलीला आग्रह नको. १९९० च्या दशकात चीनच्या युनान प्रांतात कॅरोलिन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी खेड्यातल्या बायकांच्या हातात कॅमेरे दिले. काय दाखवायचं ते त्या बायकांनी ठरवायचं आणि फोटोवर बोलायचंही त्यांनीच. फोटोव्हॉइस म्हणतात त्याला. बाहेरचा कितीही भला असला तरी त्याच्या मनातलंच चित्र शोधतो, तुमची मुलं रामकुंडावर तेच करत होती.

दुसरं, वही ठेवायला लावा. अमेरिकेत लुईस हाइन १९०८ पासून गिरण्या-खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढत होता. मूल किती उंच, हे तो आपल्या जाकिटाच्या कितव्या बटणाशी त्याचं डोकं येतं त्यावरून ताडायचा आणि गुपचूप टिपून घ्यायचा. बालमजुरीविरुद्धच्या लढ्यात फोटोंइतक्याच त्या नोंदी कामी आल्या. (आत शिरायला तो थापा मारायचा, ते मात्र मुलांना शिकवू नका.)

प्रदर्शनासाठी परवानगी वेगळी घ्या. फोटो काढायला हो म्हणणारा माणूस भिंतीवर लावायलाही हो म्हणेलच असं नाही.

चित्रकलेच्या_बाई:
पंधरा दिवसांनी लिहितेय. आजींना प्रिंट दिली. बघून म्हणाल्या, "एवढी म्हातारी कुठंय मी?" केस विंचरले, डोक्यावर पदर घेतला आणि पुन्हा काढायला लावला. आता सगळ्या वर्गाला तोच आवडतो.

त्या मुलीला मी काहीच म्हटलं नव्हतं. सोमवारी तिने आपणहून मोबाइल मागितला. पत्र्याला ठोकलेल्या खिळ्यावर छाटणीची कात्री, मुठीला निळी चिंधी गुंडाळलेली. चिंधी तिच्याच जुन्या युनिफॉर्मची. वहीत लिहिलंय, "आईची कात्री. हिला कोणी हात लावायचा नाही. आई म्हणाली, कात्री दाखव, मला नको."

हेडसरांना तो फोटो अंधूक वाटतो. आहेच अंधूक, शेडमध्ये एकच बल्ब आहे. मला तो मधोमध लावायचाय. तिला विचारलंय, ती म्हणाली, आईला विचारून सांगते.