मँचेस्टरजवळ जुन्या गिरण्या बघायच्यात, आईबाबा सोबत आहेत, कुठे नेऊ?

सॅलफर्डची_सई
नमस्कार मंडळी. आईबाबा पहिल्यांदाच इकडे आलेत. बाबा ८२ च्या संपापर्यंत परळच्या एका गिरणीत चार साचे (म्हणजे माग) चालवायचे, त्यामुळे इथल्या जुन्या गिरण्या, कालवे, चिमण्या असं काहीतरी दाखवावं म्हणते. शनिवार-रविवार मोकळे आहेत. आम्ही चौघं, गाडी नाही, बाबांचा गुडघा दुखतो आणि तिकिटं धरून १०० पाउंडात बसवायचंय. जेवण घरून नेऊ.

भटक्या_बाराबंदी
गाडी भाड्याने घ्या, चॅट्सवर्थ करा. आम्ही मागच्या वर्षी सात सीटर घेतली होती, सासूबाई अजून त्या बागेचं नाव काढतात.

सॅलफर्डची_सई
धन्यवाद, पण गाडी नकोय. आणि चॅट्सवर्थ ही गिरणी नाही हो :)

चहावाली_वहिनी
क्वारी बँक मिल, स्टायल. डोळे झाकून. १७८४ ची गिरणी, पाण्यावर चालायची, आत लोखंडाचं एवढं मोठं चाक आहे. अनाथ आणि गरीब मुलांना कामाला आणून जिथे ठेवायचे ते अप्रेंटिस हाऊस पण दाखवतात. आमच्याकडे नॅशनल ट्रस्टची (जुन्या वास्तू जपणारी संस्था) फॅमिली मेंबरशिप आहे त्यामुळे आम्हाला फुकट, वर्षातून चारदा जातो. तुम्हीही मेंबरशिप घेऊन टाका, वसूल होते.

गुडघेदुखी_६१
वहिनी, गुडघा वाचलात का? गिरणी नदीकाठी खाली खोलगटात आहे, जाताना मजेत उतरतो आणि येताना चढ. आत जिने वेगळेच. मी परतताना दर दहा पावलांवर थांबून फुलांचे फोटो काढायचं नाटक करत होतो.

लीड्सकर
सॉल्टेअरला या!! टायटस सॉल्टने १८५३ मध्ये अल्पाकाच्या लोकरीची गिरणी काढली आणि भोवती कामगारांचं अख्खं गाव वसवलं, घरं, शाळा, दवाखाना, चर्च सगळं, फक्त गुत्ता नाही. २००१ पासून युनेस्कोच्या यादीत. गिरणीत आता डेव्हिड हॉकनीच्या चित्रांची गॅलरी, तीही फुकट. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच गिरणी, चालायला काही नाही. मँचेस्टरहून लीड्सला गाडी बदला. ब्रॅडफर्डवरून जायला बघू नका, तिथे दोन स्टेशनं आहेत आणि एकातून दुसऱ्यात चालत जावं लागतं. आम्ही पावसात, सुटकेससकट, असो.

चिमणी_पाखरं
गुत्ता नव्हता म्हणजे मालकाच्या घरात दारू नव्हती असं नाही हां.

लीड्सकर
तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच करता.

पेंडशांचा_नातू
मला एक कळत नाही, आपल्या विणकरांचं वाटोळं करणाऱ्यांच्या गिरण्या बघायला आपण तिकीट का काढायचं?

दोरा_आणि_धोटा
@नातू, आत काम करणारे मालक नव्हते हो. गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशरात डार्वेनला येऊन राहिले होते, बहिष्कारामुळे इथले विणकर बेकार झालेले आणि त्याच विणकर बायका त्यांच्याभोवती हसत उभ्या आहेत असा फोटो आहे. डार्वेनला ३०० फुटांच्या आसपासची एक नक्षीदार चिमणी आहे, गिरणीचं नाव काय तर इंडिया मिल. चिमणी रस्त्यावरून दिसते, तिकीट नाही. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून थेट ट्रेन.

पण सई, तुमच्या बाबांसाठी एकच जागा, बर्नलीची क्वीन स्ट्रीट मिल. वाफेवर चालणारी विणाईची गिरणी शाबूत राहिलेली. इंजिनाचं नाव 'पीस', ५०० हॉर्सपॉवर. शेडमध्ये पट्ट्यांवर चालणारे जवळपास तीनशे साचे, त्यातले थोडेच सुरू करतात तरी बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून इथल्या बायका ओठ वाचून गप्पा मारायच्या. नवी कांडी भरली की दोरा धोट्याच्या (आडवा दोरा इकडून तिकडे नेणारा तो) डोळ्यातून तोंडाने ओढून घ्यायच्या, कापसाची धूळ सरळ छातीत. आणि ही गिरणीही १९८२ मध्येच बंद पडली, बाबांना सांगा. रोज उघडी नसते, हिवाळ्यात बंदच, वेळ बघून जा.

चहावाली_वहिनी
क्वारी बँकमध्ये पण साचे चालवून दाखवतात.

हॅलिफॅक्सचा_हट्टी
पीस हॉल कुणीच कसं नाही सांगितलं. १७७९ चा, चौकाभोवती ३१५ खोल्या, घरी विणलेलं कापड आणून विकायचा बाजार. प्रवेश फुकट. आता दुकानं आणि कॅफे आहेत, कॉफी महाग. तिथून वेनहाऊस टॉवर दिसतो तो जरूर चढा. रंगाच्या कारखान्याची चिमणी म्हणून बांधायला घेतला आणि धूर एकदाही सोडला नाही. ४०३ पायऱ्या, मी मध्ये न थांबता चढलोय.

गुडघेदुखी_६१
४०३ 🙏

चिमणी_पाखरं
तो वर्षातले मोजकेच दिवस उघडतो. आणि हॅलिफॅक्स यॉर्कशरात येतं, धागा मँचेस्टरचा आहे.

लीड्सकर
मग यॉर्कशरला काय वाळीत टाकलंय का?

मुका_वाचक
रॉचडेलला ट्राम जाते. टोड लेनला आधुनिक सहकारी चळवळीची सुरुवात जिथून मानतात ते दुकान आहे, म्युझियम केलंय. टाउन हॉल पण बघा.

भटक्या_बाराबंदी
मँचेस्टरचाच टाउन हॉल बघा ना, आतून अप्रतिम आहे, आम्ही २०१६ ला गेलो होतो.

चिमणी_पाखरं
तो २०१८ मध्ये दुरुस्तीला बंद केला. जायच्या आधी चौकशी करा, नाहीतर परांचीच बघून याल.

सॅलफर्डची_सई
सगळ्यांचे आभार. काल जेवताना बाबांना क्वीन स्ट्रीट मिलचं सांगितलं, व्हिडिओ पण दाखवला. आवाज आला तशी त्यांची मान आपोआप एका बाजूला कलली, दोन मिनिटं नुसते बघत बसले. मग म्हणाले, "साचे बघायचे पैसे मी द्यायचे? मला साचे चालवायचे पैसे मिळायचे. बंद कर ते." आईने खुणेने सांगितलं विषय वाढवू नको.
नंतर रॉचडेलचं वाचून दाखवलं तर लगेच चष्मा लावला. गिरणीच्या पतपेढीत ते कमिटीवर होते. तर शनिवारी रॉचडेल. रविवारी आईला बार्टनचा झुलता जलसेतू दाखवते, कालव्यावरून कालवा जातो आणि खालून मोठी बोट आली की पाण्याने भरलेला पूल तसाच फिरतो, १८९४ पासून. घरापासून जवळ, तिकीट नाही.

दोरा_आणि_धोटा
बाबांचं बरोबर आहे.

लीड्सकर
मग विचारलंत कशाला :)

सॅलफर्डची_सई
जाऊन आलो. टोड लेनचं दुकान म्हणजे आपल्या चाळीखालच्या वाण्याएवढं. १८४४ च्या डिसेंबरात २८ सभासद आणि २८ पाउंड भांडवल, विकायला लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या. बाबा तराजूपाशीच अडकले. तिथल्या बाईंना इंग्रजीत विचारलं, "डिव्हिडंड किती टक्के?" त्या सांगत बसल्या, खरेदीवर नफा कसा वाटायचे ते, आणि बाबा मान डोलावत होते. टाउन हॉलमध्ये पाच मिनिटं पण थांबले नाहीत. खर्च ४० च्या आत. पूल काही आमच्यासमोर फिरला नाही, आईने तासभर वाट बघितली, मग तिथेच थालीपीठं खाल्ली.

नवीन_पाहुणा
धागा पूर्ण वाचला नाही, पण क्वारी बँक मिल कुणी सुचवली का? मस्त आहे.