दीपगृहाची सहल आणि थिजलेलं तेल

प्रेषक: सहल समिती

नमस्कार काकू, नागपूरला सुखरूप पोचलात ना? मे महिन्यातल्या सहलीला अमेरिकेतल्या इंडियानामधलं, मिशिगन सरोवराकाठच्या मिशिगन सिटीचं जुनं दीपगृह घ्यावं असं चाललंय. आता तिथे म्युझियम आहे. तुम्ही लेकीकडे असताना बघून आलात असं कळलं. चाळीसेक मंडळी असतील, त्यात सात-आठ ज्येष्ठ. जावं का? समितीतल्या एकाचं म्हणणं, "एक पांढरं घर न वर दिवा, वीस मिनिटांत संपेल. त्यापेक्षा ड्यून्सवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, डबे खाऊ."

प्रेषक: धरमपेठेतल्या काकू

पोचले रे बाबा. बाल्कनीत उन्हाला बसून टाइप करून राह्यले. बाजूला खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवली आहे, सकाळी दगड झाली होती. बाटलीचं उगाच नाही सांगितलं, पुढे कळेल.

जा. वीस मिनिटं म्हणणाऱ्याचंही खरं आहे, तो नुसता दिवा बघायला गेला तर. घर १८५८ सालचं. पण त्यातला दिवा १९०४ मध्येच धक्क्याच्या टोकाला नेला. आज छपरावर जो मनोरा दिसतो तो १९७३ मध्ये म्युझियम झालं तेव्हाची नक्कल. हे कळल्यावर मी जावयांना म्हटलंसुद्धा, "एवढ्यासाठी गाडी काढलीत?"

मग आत हॅरिएट कोलफॅक्स भेटली.

ही बाई १८६१ मध्ये दीपगृहाची राखणदार झाली, तेव्हा ३७ वर्षांची होती. (त्याच साली इकडे नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, म्हणजे बघ किती जुनी गोष्ट.) नोकरी लागली वशिल्याने. भाऊबंदांतला स्कायलर कोलफॅक्स तेव्हा तिकडच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत होता, पुढे तर देशाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. लोक बोलले, आणि बोलणारच. पण वशिल्याने लागलेली माणसं मी बँकेत तीस वर्षं बघितली आहेत. ती ४३ वर्षं रोज रात्री दिवा सांभाळत नाहीत. ही १९०४ मध्ये निवृत्त झाली, ऐंशीची होऊन. त्या घरात मैत्रीण ॲन हार्टवेल तिच्या सोबतीला असायची. १९०५ मध्ये दोघीही काही महिन्यांच्या अंतराने गेल्या.

आता तेल. घरावरच्या दिव्याचं काम त्यातल्या त्यात सोपं होतं. जिना चढा, वात कातरा, काच पुसा. पण आणखी एक दिवा नदीच्या मुखाशी, पाण्यात शिरलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकावर होता. नदी म्हणजे ट्रेल क्रीक, आपल्या नाग नदीची बहीण शोभेल एवढीच. त्या टोकापर्यंत संध्याकाळी तेल घेऊन चालत जायचं. पूर्वी दीपगृहात व्हेलचं तेल जाळत. ते महाग झालं म्हणून डुकराच्या चरबीचं तेल आलं, आणि ते थंडीत थिजतं. म्हणून ही घरी चुलीवर तेल तापवायची, डबा घेऊन वाऱ्यात झपझप निघायची. टोकाला पोचेस्तोवर थिजलं की परत घर, परत चूल, परत धक्का. खालून लाटांचे फटकारे. आणि आम्ही इथे दहा डिग्रीला बाटली उन्हात ठेवतो न "काय थंडी पडली बाई" म्हणतो.

तिथलं फ्रेनेल भिंगही बघा. काचेच्या त्रिकोणी कड्या एकावर एक रचलेल्या, दुरून मधाचं पोळं वाटतं. चहूकडे सांडणारा उजेड वळवायचा आणि सरळ क्षितिजाकडे सोडायचा, हे त्याचं काम. दिव्याची ज्योत केवढीशी, पण या काचेमुळे कितीतरी मैलांवरच्या जहाजाला दिसायची. मी तिथे इतका वेळ उभी होते की जावई दोनदा शोधायला आले.

बाहेर आलं की एक अगडबंब कूलिंग टॉवर दिसतो. आमच्या गाडीतल्या सगळ्यांना ते अणुवीज केंद्र वाटलं. मला नाही वाटलं, माझं आयुष्य कोराडी-खापरखेड्याची धुराडी बघण्यात गेलं. कोळशाचंच निघालं.

प्रेषक: नेपरव्हिलहून, मूळ अमरावतीकर

काकू, मस्त! दोन प्रश्न. धक्क्यावर उंच लोखंडी पूल दिसतो फोटोत, मुलांना त्यावर चढू देतात का? आणि सासूबाई विचारतात, समुद्र नाही तर दीपगृह कशाला? तळ्याला कोणी दिवा लावतं का?

प्रेषक: धरमपेठेतल्या काकू

सासूबाईंना सांग, मीही हेच विचारलं होतं. अंबाझरी न फुटाळा बघितलेल्या माणसाला तळं म्हटलं की काठावरची भेळच आठवते. हे तळं ५८ हजार चौरस किलोमीटरचं, अर्ध्याहून जास्त विदर्भ मावेल त्यात. पलीकडचा काठ दिसत नाही. हवा स्वच्छ असेल तर शिकागोच्या इमारती मात्र पाण्यातून उगवल्यासारख्या दिसतात. मी ओंजळभर पाणी तोंडात घेऊन बघितलं, गोडं आहे. लेक ओरडली.

पुलावर चढू देत नाहीत. तो १९०४ च्या दिव्यासोबतचा. वादळात लाटा धक्क्यावरून जायच्या तेव्हा राखणदार वरून चालत दिव्यापर्यंत जायचा. हॅरिएटच्या नशिबी तो नव्हता, ती त्याच वर्षी सुटली. खालून धक्क्यावर चालता येतं, पण लाटा उसळत असतील तर मुलांचा हात सोडू नका, खरं तर जाऊच नका. काँक्रीट ओलं झालं की घसरतं.

आणि समितीला सांग, आत जिने आहेत. गुडघेवाल्यांना खालच्या मजल्यावरच पुष्कळ बघायला आहे, वर जायचा आग्रह करू नका. ज्यांना बस नको त्यांना शिकागोच्या मिलेनियम स्टेशनहून साउथ शोअर लाइनची रेल्वेगाडी आहे. थंडीत म्युझियम बंद असतं, तेव्हा मे म्हणत असाल तरी आधी फोन करून तारीख पक्की करा.

उठते आता. तेल वितळलं.