कीर्तनाचं एडिटिंग आणि घरचं रेकॉर्डिंग : ७० हजारांत असेंबल्ड पीसी सुचवा

टाळकरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी बार्शीजवळच्या गावात राहतो. दिवसा किराणा दुकान, उरलेल्या वेळात सप्ताहांची आणि कीर्तनांची शूटिंगं. कॅमेरा सोनी झेडव्ही-ई१०, जुना घेतलेला. जोडीला दोन मोबाइल ट्रायपॉडवर. आवाज मंडपवाल्याच्या मिक्सरमधून लाइन काढून वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो. धाकटी बहीण पेटी वाजवते, गाते. तिच्या गवळणी आणि अभंग घरीच रेकॉर्ड करायचे आहेत : आधी पेटी, मग पखवाज, मग गळा, असे एकेक ट्रॅक.

सध्या आय३चा ८ जीबीवाला लॅपटॉप आहे. दोन तासांचं कीर्तन टाइमलाइनवर टाकलं की बुवा निरूपणाला उभे राहतात ते उभेच राहतात. शेवटी चिडून गावातल्या पोराच्या मशीनवर एडिट करून आणतो.

दुकानदाराने दिलेलं कोटेशन असं : 'आय७ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ४ जीबी, २५६ एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट ४ फॅनसह'. एकूण ६९,५००. मॉनिटर, कीबोर्ड, माउस माझ्याकडे आहेत. घेऊ का? 'आय७ आहे, डोळे झाकून घ्या' असं तो म्हणाला.

लॅमिंग्टन_लोकल

माऊली, डोळे उघडे ठेवा.

आय७च्या पुढे आकडा कुठाय? २०१२चाही आय७ आणि २०२२चाही आय७च. नुसतं 'आय७' लिहून देणं म्हणजे स्थळ सांगताना 'मुलगा नोकरीला आहे' एवढंच सांगण्यासारखं आहे.

त्यापेक्षा साधा आय५-१२४०० घ्या. सहा कोर, बारा थ्रेड, तुमच्या कामाला भरपूर. नावाच्या शेवटी 'एफ' असलेला १२४००एफ थोडा स्वस्त मिळतो, दुकानदार तोच गळ्यात मारेल, पण तो घेऊ नका. एफमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं, म्हणजे इंटेलचं क्विक सिंकही नाही. व्हिडिओची फाइल उलगडायचं काम क्विक सिंक वेगळ्या सर्किटवर करतं, कोरवर भार येत नाही. उद्या तुम्ही एच.२६५ १०-बिट ४:२:२ (रंगाचा जास्त तपशील ठेवणारी जड फाइल) शूट करणारा कॅमेरा घेतलात, तर ती फाइल हे अंगचं ग्राफिक्स सहज उलगडतं. एनव्हिडियाच्या कार्डांना ते २०२५च्या ५० मालिकेपर्यंत जमत नव्हतं. आज तुमचा झेडव्ही-ई१० साधं एच.२६४ ८-बिट देतो, त्यामुळे आज काही अडणार नाही. पण कॅमेरे बदलतात, पीसी पाच-सहा वर्षं तोच राहतो.

रॅम ३२ जीबी, १६च्या दोन कांड्या. एकच कांडी लावली की मेमरीचा निम्मा रस्ता बंद. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके उसळलेत की ही ओळ लिहिताना माझंच मन खातंय. डीडीआर४ चालणारा बी७६० बोर्ड शोधा. एच६१० बोर्डावर बहुतेक वेळा एम.२ची (एसएसडी बसवायची) एकच खाच असते, पुढे दुसरी एसएसडी लावायची म्हटली की हात चोळत बसावं लागतं.

१६५०चं ग्राफिक कार्ड नको. दाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर ४ जीबीच्या कार्डावर फोर-केमध्ये थोडा कलर आणि थोडे इफेक्ट टाकले की 'जीपीयू मेमरी फुल'ची पाटी दाखवून हात वर करतं. ३०६०चं १२ जीबीवालं चांगल्या हालतीत मिळालं तर ते, नाहीतर नवीन ५०५०, ८ जीबीचं.

गणितमास्तर

डिस्कबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो.

तुमचा कॅमेरा फोर-के १०० मेगाबिटने लिहितो. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. दोन तासांचं कीर्तन ९० जीबी. सात दिवसांच्या सप्ताहात रोज एक कीर्तन धरलं तरी ६३० जीबी, तेही एकाच कॅमेऱ्याचे. मोबाइल वेगळे. त्या कोटेशनमधल्या २५६च्या एसएसडीवर विंडोज बसल्यावर दोन दिवसांच्या पुढे काही मावणार नाही.

उलट आवाज फुकटात बसतो. २४-बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक तासाला साधारण ५२० एमबी. बहिणीचे सोळा ट्रॅक एकत्र चालले तरी तासाला सव्वाआठ जीबी.

म्हणून १ टीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) कामासाठी, आणि हार्ड डिस्क फक्त संपलेली कामं ठेवायला. हार्ड डिस्कवरून तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम (तिन्ही चित्रं एकाच वेळी) चालवू नका, सुई इकडून तिकडे पळून दमते. फार वेगवान एसएसडीवर जास्तीचे पैसे घालायचंही कारण नाही. साडेबारा गुणिले तीन म्हणजे चाळीसच्या आत, हे तर साध्या साटा एसएसडीलाही जड नाही.

सफरचंदप्रेमी

एक वेगळं मत. मॅक मिनी एम४ बघा. नोव्हेंबर २०२४मध्ये आला तेव्हा १६ जीबी/२५६ जीबीची किंमत ५९,९०० होती. व्हिडिओ फाइली लोण्यासारख्या चालतात, ऑडिओला वेगळ्या ड्रायव्हरची कटकट नाही, आणि पंखा ऐकायला कान लावावा लागतो. गाण्याचं रेकॉर्डिंग त्याच खोलीत होणार असेल तर हे शेवटचं फार मोलाचं.

लॅमिंग्टन_लोकल

@सफरचंदप्रेमी, मशीन उत्तम आहे, वाद नाही. पण २५६ जीबीचं काय करायचं ते वर मास्तरांनी मांडलंय. रॅम पुढे वाढवता येत नाही. बाहेरून डिस्क लावा, हब लावा, करत करत ७० हजारांच्या पुढे जातं. आणि सप्ताहाच्या चौथ्या दिवशी बिघडलं तर? असेंबल्डचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बार्शीत संध्याकाळपर्यंत बदलून मिळतो.

सफरचंदप्रेमी

संध्याकाळपर्यंत एसएमपीएस बदलायची वेळ येते, हाच माझा मुद्दा आहे. :) असो.

खर्ज

मी पुण्यात घरीच छोटा स्टुडिओ चालवते, त्यामुळे आवाजाच्या बाजूने लिहिते. वरच्या सगळ्या गप्पा व्हिडिओच्या झाल्या, आणि तुमच्या बहिणीच्या रेकॉर्डिंगला त्यातल्या निम्म्या वस्तू लागतच नाहीत. आठ-दहा ट्रॅक रेकॉर्ड करायला आय५ही जास्तच.

तिथे अडतं ते दुसरीकडे. ती हेडफोनमध्ये पखवाज ऐकत गाणार, तेव्हा तिचा आवाज तिला त्याच क्षणी ऐकू यायला हवा. सॉफ्टवेअरमध्ये बफर (आवाज एका वेळी जेवढ्या तुकड्याने पुढे सरकतो तो) १२८ सॅम्पल ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला एका फेरीचे पावणेतीन मिलिसेकंद होतात. जाण्यायेण्याचे धरून दुप्पट आणि वर थोडे. एवढं चालतं. १०२४ ठेवला की एकाच फेरीला एकवीस मिलिसेकंद, मग गाणारा समेवर येताना चाचपडतो. रेकॉर्डिंगला १२८, मिक्सिंगला १०२४, हे कागदावर लिहून भिंतीला चिकटवा.

त्यासाठी स्वतःचा एएसआयओ (आवाजाला उशीर न होऊ देणारा) ड्रायव्हर असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक पीसीला जोडणारी डबी, लागतो. फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा एक माइक-एक लाइनचा पुरे. त्याचे पैसे ७० हजारांतूनच बाजूला काढा, ग्राफिक कार्ड एक पायरी खाली आलं तरी चालेल. इंटरफेस मदरबोर्डच्या मागच्या यूएसबीत लावा, कॅबिनेटच्या पुढच्या खोबणीत नको. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद. आवाजात टकटक, चरचर आली तर लेटन्सीमॉन नावाचं फुकट साधन पाच मिनिटं चालवून बघा, कोणता ड्रायव्हर नडतोय ते दाखवतं. बऱ्याचदा वायफायचाच निघतो.

आता जे मला महागात पडलं ते. सुरुवातीला पेटीच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये खाली एक बारीक घूंऽऽ यायची. केबल बदलली, माइक बदलला, इंटरफेस परत करून दुसरा आणला. पंधरा दिवस गेले. एका रात्री वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर, आणि हेडफोनमध्ये लख्ख शांतता! सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नसलं की तीच ५० आणि तिची पिल्लं १००, १५० अशी आवाजात येऊन बसतात. पीसीला बॅटरी नसते, त्यामुळे तुम्हाला हे ताडायलाही सोपं जाणार नाही. आधी वायरमनला बोलवा.

आणि ते चार रंगीत फॅन. माइकपासून चार हातांवर हे यंत्र घोंघावणार आहे हो! जाळीदार पुढचा भाग असलेलं साधं कॅबिनेट, संथ फिरणारे दोन १२० मिमी फॅन, आणि प्रोसेसरवर डब्यातल्या कूलरऐवजी एक टॉवर कूलर. मोठा कूलर हळू फिरूनही थंड ठेवतो. माइकची पाठ कॅबिनेटकडे करा. भिंतींना जाड गोधड्या टांगा, सोलापूरच्या बाजूला घोंगड्यांना काय तोटा.

टाळकरी

सगळ्यांचे मनापासून आभार. घोंगडी आहे, आजोबांची. :)

एक विचारायचं राहिलं. मोबाइलच्या व्हिडिओत पहिली पंधरा मिनिटं सगळं जुळतं, नंतर टाळ आधी वाजतो आणि हात नंतर आपटतात. तासाभराने तर टाळकरी वेगळ्याच अभंगावर नाचतायत असं दिसतं. नवीन पीसीने हे जाईल ना?

गणितमास्तर

जाणार नाही. तुमचा मोबाइल फ्रेम रेट स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की सेकंदाला ३०च्या २८ करतो, पुन्हा वाढवतो. एडिटिंग सॉफ्टवेअर एकच वेग धरून चालतं, मग फरक साचत जातो. जुन्या फाइली हँडब्रेकमधून 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून काढून घ्या. पुढच्या वेळी मोबाइलवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकट अॅप टाका, त्यात २५ फ्रेम कायम करता येतात. कॅमेराही २५ला, शटर १/५०. मंडपातल्या ट्यूबलाइटची लुकलुकही त्याने जाईल.

शिवाय रेकॉर्डर आणि कॅमेरा यांची घड्याळं अगदी एकसारखी नसतात. दोन तासांत थोडा फरक पडतोच. दर वीस मिनिटांनी एक काप देऊन पुन्हा जुळवा. 'पुंडलिक वरदे'चा गजर सापडला की तिथे कापायचं, वेव्हफॉर्ममध्ये डोंगरासारखा दिसतो.

वाचनमात्र_७

वाखूसा (वाचनखूण साठवली). एसएमपीएसवर कुणी लिहिलं नाही?

लॅमिंग्टन_लोकल

राहिलंच. कॅबिनेटबरोबर 'फ्री' येतो तो एसएमपीएस नको. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ शिक्का असलेला घ्या. ३०६० पूर्ण जोरात १७० वॉट खातं, १२४०० तात्पुरता ११७पर्यंत जातो. म्हणून यूपीएसही नीट बघा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. मॉनिटर धरून तुम्ही काठावर याल, आणि बॅटरी जुनी झाली की रेंडरच्या मध्येच कुई करून मान टाकेल. एक हजार व्हीएच्या वरचा घ्या.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती ३८४० बाय २१६०, ६० फ्रेमपर्यंत एक्स्पोर्ट देते, कीर्तनाला आणखी काय हवं? फक्त विंडोजवरच टाका. लिनक्सवर फुकट आवृत्ती एच.२६४ उघडत नाही. गाण्यासाठी रीपर. ६० दिवस वापरून बघा, पटलं तर लायसन्स ६० डॉलर. आणि हो, पहिल्या दिवसापासून प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या हलक्या नकला) करायची सवय लावा. रात्री लावून झोपायचं, सकाळी फाइली हलक्या.

टाळकरी

तीन आठवड्यांनी कळवतोय, उशिराबद्दल क्षमस्व.

दुकानदाराला यादी दाखवली. 'एवढा अभ्यास केलाय तर दुकान टाका' म्हणाला, पण सगळं आणून दिलं. आय५-१२४०० एफशिवाय, बी७६० बोर्ड, डीडीआर४च्या ८च्या दोन कांड्या, ५०५० कार्ड, १ टीबी एनव्हीएमई, ५५० वॉट ब्रॉन्झ, टॉवर कूलर. ३२ जीबी परवडलं नाही, दोन खाचा रिकाम्या ठेवल्यात. दुकानातली जुनी १ टीबी हार्ड डिस्क साठवणीला लावली. खर्जताई, तुमच्या सांगण्यावरून इंटरफेस घेतला, म्हणून बजेटच्या साडेतीन हजार वर गेलं. यूपीएस पुढच्या महिन्यात.

काल्याच्या कीर्तनाचं तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम प्रॉक्सीवर न अडखळता चाललं. बुवा हलले.

बहिणीची पहिली गवळण परवा रेकॉर्ड केली. कॅबिनेटचा आवाज येत नाही. घूं मात्र येतेय, खर्जताई म्हणाल्या तशीच. सॉकेट उघडून बघितलं, अर्थिंगची वायर आहे, पण ती मीटरपाशी नुसतीच लोंबतेय, जमिनीत गेलेलीच नाही. वायरमन रविवारी येतो म्हणालाय. खड्डा खणून ठेवलाय, मीठ आणि कोळसा आणून ठेवलाय. मीठ आपल्याच दुकानातलं.