चोडण–दिवाडी सायकलने: मार्ग कसा घ्यावा?

प्रश्न: पणजीहून सलीम अली पक्षी अभयारण्य आणि दिवाडी बेट एका सकाळी जमेल का? टायर ३२ मिमी रुंद.

– आरामात. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेट. अभयारण्य धक्क्याला लागूनच. पुढे मये, नार्वे, तिथून फेरीबोटीने दिवाडी आणि जुने गोवेमार्गे परत. मयेकडे चढउतार, बेटांवर बहुतेक सपाट.

– आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. ओहोटीला चिखल उघडा पडतो, पक्षी खाद्य टिपायला उतरतात. होडीने आत शिरायचं तर मात्र भरतीच हवी.

– धक्क्याच्या उतारावर शेवाळ असतं, क्लीटचे (पेडलला अडकणाऱ्या तळाचे) बूट सटकतात. सायकल हातानेच न्या. घरी चेन गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा, मगच तेल. ओल्या चेनवर तेल घातलं की खारं पाणी कड्यांत अडकतं आणि आतून गंज चढतो.