'थकवा', 'शीण' की आणखी काही?

कोशवाचक : क्रॉनिक फटीग सिंड्रोमला आपण 'दीर्घकालीन थकवा' म्हणतो. पण 'थकवा' ऐकला की समोरचा म्हणतो, 'झोप काढ, बरं वाटेल.' या आजारात तर रात्रभर झोपूनही ताजंतवानं वाटत नाही. दुसरा शब्द सुचतो का?

संथचाल : 'दमणे' बाद. दमलेला माणूस दम खाऊन उठतो. प्रवासाचा 'शीण' चहानं जातो. 'अशक्तपणा' म्हटलं की रक्त कमी आहे असं धरून लोक टॉनिक नाहीतर सलाइनकडे वळतात. 'ग्लानी' डॉक्टरांपुढे नकोच, अर्धवट शुद्ध असा अर्थ निघेल. सुश्रुतसंहितेत 'क्लम' आहे : श्रमाविना येणारा, धाप न लावणारा, इंद्रियांच्या कामात अडथळा आणणारा थकवा. नेमका आहे, पण बोलणार कोण?

फिजिओ : त्यातही मुख्य लक्षण निसटतं. श्रमानंतर त्रास बळावतो, तोही बरेचदा 12 ते 48 तासांनी, आणि कधी आठवडाभर टिकतो. सोमवारी कपाटं आवरली, मंगळवार बरा गेला, बुधवारी अंथरूण. म्हणून घरचे म्हणतात, 'काल तर चांगली होतीस!' माझ्या मते 'थकणे'च ठेवावं, पण भाडं थकतं, हप्ते थकतात त्या अर्थानं. थकबाकी!

कोशवाचक : वा! मग 'मनावर घे, रोज थोडं वाढव' या सल्ल्याचं काय?

फिजिओ : त्यामागची समजूत अशी की रुग्ण हालचालीला घाबरतो, म्हणून शरीर ढिलं पडतं. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेनं 2007 मध्ये टप्प्याटप्प्यानं वाढवायचा व्यायाम सुचवला होता, 2021 मध्ये तो काढला. समुपदेशन ठेवलं, पण आधार म्हणून, इलाज म्हणून नव्हे. 'हललो की संपलो' हेही खरं नाही. दोन आठवडे वही ठेवा : काम, मिनिटं, पुढच्या दोन दिवसांची अवस्था. 30 मिनिटांनी बिघडत असेल तर 15 वरच थांबा. भाजी बसून चिरा. बरं वाटलं त्या दिवशी तुंबलेली कामं उरकणं ही सगळ्यात महाग चूक.

संथचाल : आणि डॉक्टरांना नुसतं 'विकनेस' सांगू नका. किती महिने झाले, कोणत्या कामानंतर किती तासांनी कोसळता, उभं राहिलं की गरगरतं का, हे सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी12, साखर आधी बघून घ्यावी लागते.

कोशवाचक : नोंद 'श्रमाची थकबाकी' अशी करू?

संथचाल : लक्षणाला चालेल. आजाराला नको, 'थकबाकीदार' म्हणवून घ्यायला कोण तयार होईल?