चर्चा: स्वयंपाकघरात सागवानी ओटा: करावा की नको?

नंदगडकर
नंदगडचं जुनं घर उतरवलं. तुळया सागवानाच्या, वरून काळ्याकुट्ट, पण रंधा मारला की आत सोनेरी. बेळगावात नवीन बांधकाम चाललंय, घरचे सगळे ग्रॅनाइटवर अडून बसलेत. माझं मत, ओटा याच लाकडाचा करायचा. भाकरीचं पीठ काठवटीत मळतो, पोळी लाकडी पोळपाटावर लाटतो, मग ओट्यालाच लाकडाचा विटाळ कशाला? विरोध असेल तर कारण सांगा. "लोक काय म्हणतील" हे कारण नव्हे.

टिळकवाडीवाला
काठवट धुऊन उन्हात पालथी घालता येते. ओटा अंगणात नेणार काय? आपल्याकडं आषाढात चड्डी-बनियन वाळत नाही आणि तुम्ही सिंकशेजारी लाकूड बसवताय. त्यात कुकर उतरवला की थेट ओट्यावर, ही घराघरातली सवय. ग्रॅनाइट ओल्या फडक्यानं पुसला की काम संपलं. आणि दगडाला आपल्याकडं काय तोटा? इलकलचा लाल ग्रॅनाइट शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलाच की. शिवाय लाकडात जंतू मुरतात, ते वेगळंच.

अथणीची लेक
जंतूंचं सरसकट खरं नाही, दादा. 1990 च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात डीन क्लिव्हर यांनी चिरायच्या फळ्या तपासल्या होत्या. लाकडावरचे जंतू आत ओढले गेले आणि तिथं वाढले नाहीत. सुरीचे चरे पडलेलं प्लास्टिकच हातानं धुऊन नीट निघेना. म्हणून लाकूड धुवायचंच नाही असं नव्हे हं.
माझं माहेर अथणी, सासर खानापूर. माहेरी कोरड्या हवेत लाकूड आकसून फटी पडतात, इथं पावसात दारं फुगून बसतात. तेव्हा अथणीत चाललं ते खानापुरात चालेलच असं नाही. मी म्हणते सिंक आणि शेगडीकडं दगड घ्या, भाजी चिरायच्या कोरड्या बाजूला लाकूड.

वडगावचा सुतार
अक्का बरोबर बोलल्या. आता कामाचं ऐकून घ्या.
जुन्या तुळईवर आधी लोहचुंबक फिरवा. आत तुटका खिळा राहिला तर रंध्याचं पातं गेलंच, आणि लोखंड ओलं झालं की सागवानावर काळा डाग धरतं. भिंतीत गाडलेल्या टोकांना डांबर लावलेलं असतं, ती टोकं कापून टाका. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.
रुंद फळी एकसंध नको. तीन-चार इंची पट्ट्या जोडा. सागवान मुळात तेलकट, जोडाच्या कडा थिनरनं पुसून लगेच गोंद लावा. खालून स्क्रू लांबट भोकात बसवा आणि भिंतीकडं थोडी फट सोडा. लाकूड रुंदीत फुगतं, त्याला जागा लागते. खालची बाजूही वरच्याइतकीच फिनिश करा. नाहीतर फळी वाकते आणि शिव्या सुताराला.

टिळकवाडीवाला
एवढ्या भानगडीपेक्षा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारून टाका की. काचेसारखं होतं, पाणी आत जातच नाही.

वडगावचा सुतार
सुरी लागेपर्यंत. एकदा थर फाटला की पाणी खाली शिरतं आणि बाहेर पडत नाही. मग काळे पट्टे, आणि अख्खा ओटा तासून परत पीयू. डायनिंग टेबलाला मी पीयूच मारतो, चिरायच्या जागी नाही.
तिथं तेल. घासताना 80, 120, 180 नंबरचा पॉलिशपेपर. मग ओलं फडकं फिरवून वाळू द्या, तंतू उभे राहतात, ते 220 नं हलके उतरवा. तेल जवसाचं. शेंगतेल, खोबरेल नको, ते सुकत नाही, चिकट राहून खवट वास मारतं. पेंटच्या दुकानातल्या उकळलेल्या जवसतेलात बहुतेक धातूचे क्षार असतात, खाण्याच्या जागी कच्चं शुद्ध तेल घ्या. सुकायला वेळ घेतं. पातळ हात द्या, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. तेलाचे बोळे गोळा करून टाकू नका, आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.
एवढं नको असेल तर मेडिकलमधलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाशांचं मेण. सोपं आहे, पण वरचेवर लावावं लागतं.

टिळकवाडीवाला
आलात ना मुद्द्यावर! वरचेवर तेल लावणार कोण? धागा काढलाय दादांनी, फडकं मात्र वहिनींच्या हातात.

अथणीची लेक
हा मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य 😄 हळदीचंही ऐका. डागावर साबण पडला की तो लाल होतो, घाबरून घासत बसू नका. उन्हानं हळद फिकी पडते, म्हणून लाकडी भाग खिडकीकडं घ्या.

नंदगडकर
तेल मीच लावणार, हे इथं सगळ्यांसमोर लिहून देतो. सिंक-शेगडीकडं ग्रॅनाइट, खिडकीखाली सागवान. टिळकवाडीकरांना अर्धा विजय. सुतारदादा, ती डांबराची टोकं बंबात जाळली तर चालतील?

वडगावचा सुतार
नको. डांबराचा धूर घरात कशाला? गोठ्याच्या कुंपणाला खुंट म्हणून रोवा, वाळवी लवकर शिवणार नाही.