मदत हवी आहे: चॉकलेट सिस्टचं ऑपरेशन, तारीख घेण्याआधी काय विचारावं? (ठाणे)

घोडबंदरकर: धाकट्या बहिणीला (वय २९, लग्न ठरलंय, पुढे मूल हवंय) डाव्या ओव्हरीत ५ सेंमीची चॉकलेट सिस्ट आहे (एन्डोमेट्रिऑसिसमुळे, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढल्यामुळे, होणारी जुन्या रक्ताची गाठ). पाळीत कळा येतातच, शिवाय त्या दिवसांत शौचालाही फार दुखतं. ठाण्यातल्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून सिस्ट रिकामी करू असं सांगितलंय. त्याने दुखणं जाईल का?

पामबीच: घाई नको. नुसती रिकामी केलेली सिस्ट बहुधा पुन्हा भरते. तिचं आवरण सोलून काढलं तर परत होण्याची शक्यता कमी, पण सोबत निरोगी ओव्हरीही थोडी जाते आणि रक्त थांबवायला जास्त डाग दिला (भाजलं) तर अजून नुकसान. मूल हवंय ना, मग आधी एएमएच (ओव्हरीत किती बीजं शिल्लक आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) करून घ्या.

मला जास्त काळजी शौचाच्या दुखण्याची वाटते. गर्भाशय आणि गुदाशयाच्या मधे याच आजाराच्या खोलवर गाठी असू शकतात. त्या राहिल्या तर सिस्ट काढूनही दुखणं राहील. लग्नाआधी आतून (योनीमार्गे) सोनोग्राफी नको असेल, तर पेल्विसचा एमआरआय करा, आणि तो एन्डोमेट्रिऑसिस नेहमी बघणाऱ्या रेडिऑलॉजिस्टने वाचावा. सोबत किडनीची सोनोग्राफी. मूत्रवाहिनी दाबली गेली तरी कधी कधी काहीच दुखत नाही, किडनी मात्र खराब होत जाते.

घोडबंदरकर: आतड्याला गाठ निघाली तर?

पामबीच: तर आतड्याचा सर्जन त्याच ऑपरेशनला हजर हवा. गाठ वरून खरवडायची, गोल चकती कापायची की आतड्याचा तुकडा काढायचा, हे तिची खोली आणि लांबी पाहून ठरतं. आतड्याचा शिवलेला जोड गळण्याचा धोका तुकडा काढताना जास्त, म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी हे स्पष्ट बोलून घ्या.

खारेगाव: एक भर. गाठ केवढी यावर दुखणं ठरत नाही. गाठींभोवती सूज राहते, तिथे नव्या नसा फुटतात, आणि वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मेंदू-मज्जारज्जूही जास्त संवेदनशील होतात. ओटीपोटाचे स्नायू आखडतात ते वेगळंच. त्यामुळे ऑपरेशननंतर पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपी विचारा, आणि मूल लगेच नको असेल तर डायनोजेस्ट (हा आजार दाबून ठेवणारी हार्मोनची गोळी) २ मिग्रॅ रोज, याबद्दलही विचारा. सुरुवातीचे काही महिने मधेच रक्ताचे डाग दिसतात, तेवढ्यासाठी गोळी मनाने बंद करू नका. एमआरआयमध्ये ॲडिनोमायोसिस आहे का तेही पाहायला सांगा. त्यात तसाच अस्तराचा थर गर्भाशयाच्या भिंतीत असतो, ते सिस्ट काढून जात नाही.

पामबीच: ऑपरेशनचा व्हिडिओ आणि काढलेल्या प्रत्येक भागाचा बायोप्सी रिपोर्ट मागून ठेवा. पुन्हा दुखलं तर पुढच्या डॉक्टरांना काय काढलं, काय सोडलं ते कळेल.